सातबाऱ्यावर नसलेली हरणं

आमच्या भागात काळवीट बघायला लोक रेहेकुरीला येतात. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं अभयारण्य, १९८० साली झालेलं, आणि क्षेत्र किती तर २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी गावाचं शिवारसुद्धा याहून मोठं निघेल. पाहुणे येतात, फोटो काढतात, काळा नर माळावर उन्हात मान वर करून उभा असला की तो देखणा दिसतोच त्यात शंका नाही, आणि संध्याकाळी लोक परत जातात. हरणं काही तेवढ्यात थांबत नाहीत, थांबणं शक्यच नाही, एवढ्या जागेत सगळ्या कळपांचं पोट भरत नाही, मग ती आजूबाजूच्या रानात उतरतात, आणि त्या आजूबाजूच्या रानांपैकी एक रान आमचं आहे.

आमचं म्हणजे आजोबांपासूनचं. वाटण्या होऊन होऊन तुकडे पडलेत, पण जमिनीची ठेवण तीच. खालच्या अंगाला काळी जमीन आणि विहीर, तिथे ज्वारी, हरभरा, पाणी असेल त्या वर्षी कांदा, आणि वरच्या अंगाला माळ, नुसता मुरूम, पावसाळ्यात पवन्या आणि कुसळी गवत येतं आणि बाकी काही येत नाही. या जमिनीवर एके काळी हरणांची शिकार व्हायची, आमच्याच घरातली माणसं करायची. ती थांबली हे मला मनापासून योग्य वाटतं, आणि तरीही शिकार थांबवण्याची जी किंमत होती ती सगळी बांधावरच्या माणसाकडून वसूल झाली हे मला अजिबात पटत नाही. या दोन गोष्टी एकत्र बोलल्या की लोक गोंधळतात, विचारतात तू नक्की कुणाच्या बाजूने, हरणाच्या की शेतकऱ्याच्या. मी नोकरीसाठी पुण्यात राहतो, पेरणी-काढणीला गावी असतो, त्यामुळे दोन्हीकडचे लोक हा प्रश्न मला विचारतात.

तात्यांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, बारा बोअरची दुनळी बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, हे मी लहानपणी स्वतः बघितलंय, तोपर्यंत तिच्यातून शिकार होणं कधीच बंद झालं होतं. पण आधीचं सगळं नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, बारीकसारीक आठवतं. पहाटे बैलगाडी जुंपायची. काळविटाची नजर फार तेज, मोकळ्या माळावर उभा माणूस त्याला लांबूनच कळतो आणि कळला की कळप उधळतो, पण बैलगाडीला तो घाबरत नाही कारण गाड्या रोजच्याच. म्हणून गाडी कळपाकडे सरळ न्यायची नाही, तिरकी तिरकी, आपल्या कामाला चालल्यासारखी न्यायची, आणि पल्ल्यात आलं की तात्यांनी गाडीच्या पलीकडच्या अंगाने हळूच उतरायचं आणि गाडी मात्र थांबवायची नाही, चालूच ठेवायची. गाडी थांबली की हरणं मान वर करतात. गाडी हाकायचं काम नानांकडे असायचं, दहा-बारा वर्षांचं पोर, आणि त्यांना सगळ्यात अवघड काय वाटायचं तर मागे वळून न बघणं.

घरी आणल्यावर वाटे घालायचे. सालकऱ्याचा वाटा, शेजारच्या वस्तीचा वाटा, पाटलाकडे एक. कातडं कुणी पूजेला बसायला मागून न्यायचं. नाना सांगतात की तात्या मादीवर कधी बंदूक उचलत नसत, आणि आपल्याच रानातलं म्हणून उठसूट मारतही नसत. हे ऐकताना मला तात्यांबद्दल आदर वाटतो पण मी तेवढ्यावर थांबत नाही, कारण मोठा काळा नरच मारायचा हा नियम जितका दयेचा होता तितकाच शिंगांच्या हौसेचाही होता, आणि आमच्या ओसरीवर ती शिंगं टांगलेली होती. पीळदार, तीन-चार वेढ्यांची. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची आयुष्यभर तीच वाढत राहतात, म्हणजे भिंतीवरची जोडी बघितली की त्या जनावराने किती पावसाळे बघितले असतील याचा साधारण अंदाज यायचा. २००३ मध्ये सरकारने अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रीतसर अर्ज केला. गावात पुष्कळांनी केला नाही, काहींनी रातोरात विहिरीत टाकली असं ऐकलंय.

आता शिकारीची गोष्ट निघाली की आमच्यासारखी जमीनवाली घरं आपलीच गोष्ट सांगतात. पण या माळावरचा खरा शिकारी जमीनवाला नव्हताच, तो फासेपारधी होता. त्याच्याकडे बंदूक नाही, जमीन नाही, कातडी वादीचे आणि तातीचे फास आणि एक शिकवलेला बैल किंवा गाय. जनावराच्या आडून चालत चालत कळपाच्या वाटेवर फास मांडायचे आणि मग हरणांना हळूहळू तिकडे वळवायचं, एवढी बारीक समज, की हरीण कुठून उठेल, कुठे वळेल, कुठल्या उंचवट्यावर थांबून मागे बघेल. तात्या बैलाच्या आडून गेले आणि पारधीही बैलाच्या आडून गेला, हरणाच्या लेखी फरक काय? पण कागदावर फरक केवढा. तात्यांच्या हातात परवाना होता आणि पारध्यांवर गुन्हेगार जमातींचा शिक्का, १८७१ चा तो इंग्रजांचा कायदा, तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं, आणि कायदा गेला तरी शिक्का लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही, आजही गावात चोरी झाली की पहिली नजर त्यांच्या पालाकडे जाते. नंतर शिकार बंद झाली तेव्हा आमची हौस गेली, त्यांचं पोट गेलं. त्यांच्या हातात त्या बदल्यात काय दिलं गेलं? माझ्या गावापुरतं मी सांगू शकतो, काही नाही. हे मी मुद्दाम इथे लिहितोय कारण माळ, हरीण, शेतकरी असं त्रिकूट करून लेख लिहिले जातात आणि त्यात हा माणूस कुठेच नसतो.

आणि संस्थानिक वेगळेच. कोल्हापूरच्या दरबारात चित्ते पाळून काळविटावर सोडायचे, देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. १९५२ मध्ये चित्ता देशातून संपल्याचं जाहीरच झालं. काळवीट इतका वेगाने का पळतो, ताशी ७०-८० किलोमीटरचा पल्ला का गाठतो, याचं उत्तर त्या चित्त्यात आहे, आता मागे लागणारा राहिला नाही पण पाय तसेच आहेत. शिकारीला बंधनं नव्हती असंही नाही, १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा होता, परवाने होते. पण जीप आल्या, रात्री झगझगीत दिवा मारून हरणाचे डोळे दिपवायचे आणि मारायचं, एका फेरीत कितीतरी. नाना म्हणतात तात्यांनी अशा जीपवाल्यांना एकदा बांधावरून हाकललं होतं, आपल्या हद्दीत पाय ठेवायचा नाही म्हणून. जीपने माळ बघता बघता रिकामा होत गेला. म्हणून १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो वेळेवरच आला असं माझं मत आहे, दहा वर्षं उशीर झाला असता तर आज रेहेकुरीत बघायला तरी काय असतं.

कायदा काय म्हणतो ते गावात अर्धवटच माहीत असतं. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मारला तर किमान ३ वर्षं कैद, जास्तीत जास्त ७. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, पिकात शिरत असेल तर परवानगीची एक वाट कायद्यात आहे, २०१५ मध्ये राज्याने त्या दोघांसाठी तसा आदेशही काढला. पण अनुसूची एकमधल्या जनावराला पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याची परवानगी मुळात देताच येत नाही, ते माणसाच्या जिवावर उठलं असेल किंवा स्वतःच बरं न होण्याइतकं जखमी किंवा आजारी असेल तरच. आणि काळवीट कुणाच्या जिवावर उठणार? तुमच्या शेतात हरीण मेलेलं सापडलं तर ती सरकारची मालमत्ता, ४८ तासांत कळवायचं. मला हे सगळं मान्य आहे. पण मग मनात येतं की मेलेलं हरीण सरकारचं असेल तर जिवंत हरणाने खाल्लेला हरभरासुद्धा थोडा सरकारचा धरायला नको का?

नुकसान म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो. हरणं सगळं पीक फस्त करतात असं नाही. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडतात, ज्वारी कोवळी असताना खातात, आणि खाण्यापेक्षा जास्त बसून, लोळून, पळताना तुडवून जातं. कळप पहाटे येतो. हाकललं की शंभर पावलं जाऊन थांबतो, तुम्ही वळलात की परत. लोक गोफण मारतात, डबे वाजवतात, जुन्या साड्या बांधून ठेवतात, पहिले चार दिवस साडीला बिचकतात आणि मग तिच्याखालीच चरतात. रात्र रात्र राखण करायची, थंडीत, माळ्यावर बसून, आणि सकाळी तोच माणूस बाजाराला आणि तोच पाणी धरायला. बागायतदाराला याचं एवढं काही वाटत नाही, त्याच्या उसात हरीण शिरत नाही, त्याचं दुखणं रानडुकराचं. हरणाचा मार बसतो तो कोरडवाहूवाल्याला, ज्याचं वर्षाचं एकच पीक आहे.

भरपाई मिळते, नाही असं नाही. नुकसान झालं की ३ दिवसांत अर्ज, मग वनखातं, महसूल आणि कृषी अशा तिघांचा मिळून पंचनामा, सातबारा, फोटो, बँकेचं पासबुक. आता ऑनलाइनही आहे. पण हरीण एका रात्रीत एकरभर साफ करत नाही ना, ते रोज थोडं थोडं खातं, मग नुकसान नेमकं कुठल्या तारखेला झालं म्हणून लिहायचं? हत्ती किंवा डुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं पीक पंचनाम्यात बसतं, महिनाभर पहाटे खुडलेले शेंडे बसत नाहीत. शेजारच्या एका काकांनी मला सरळ सांगितलं, अर्जाच्या मागे दोन रोज मोडतात, त्यापेक्षा तेवढ्या वेळात राखण होते. त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

माझा चुलतभाऊ, नानांचा मुलगा, याचं म्हणणं की जमीन आपली, पीक आपलं, मग आपल्या रानात आलेल्या हरणावर आपला अधिकार का नाही, अमेरिकेत बघ, लोक घरच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या हरणाची शिकार करतात, बाप पोराला शिकवतो, फ्रीजर भरून ठेवतात. हे खरंय. पण ती गोष्ट पूर्ण बघावी लागते. तिकडेही हरीण जमीनमालकाचं नसतं, स्वतःच्या जमिनीवरसुद्धा हंगाम पाळावा लागतो, किती मारायचं त्याला मर्यादा असते. एकोणिसाव्या शतकात तिकडे बाजारासाठी बेसुमार शिकार होऊन पांढऱ्या शेपटीचं हरीण संपत आलं होतं, विक्री बंद केली, हंगाम लावले, तेव्हा ते परत वाढलं, आज ३ कोटींच्या आसपास आहे. आपला काळवीट असा तुकड्यातुकड्यात, एका माळावर एक कळप आणि पुढच्या माळापर्यंत मध्ये ऊस, रस्ता, प्लॉटिंग. एक कळप मेला की तिथे दुसरीकडून हरीण चालत येऊ शकत नाही. तिकडचा हिशोब इकडे लावला तर पाच वर्षांत माळ रिकामा.

भावाला मी उलट एक गोष्ट सांगितली. त्याच अमेरिकेत १९३७ सालचा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे, रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर, आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना जातो. म्हणजे ज्याला हरणापासून काही मिळतं तो हरणासाठी पैसे भरतो. आपल्याकडे शिकार नको, पण हे तत्त्व तरी घ्या की. काळवीट बघायला जो लांबून गाडी काढून येतो, ज्याला माळावर हरीण असावं असं मनापासून वाटतं, त्याच्या खिशातून चार पैसे त्या माळाशेजारच्या हरभऱ्यापर्यंत पोचायला हवेत. आणि ते पंचनाम्याने नाही, सरळ एकरी, दरवर्षी, हरणांचा वावर असलेल्या गावांना. इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू झालीय, गावातली पोरं गाईड म्हणून जातात, ही सुरुवात मला चांगली वाटते. पण गाईड झालेला पोरगा आणि शेंडे खुडलेला हरभरा दर वेळी एकाच घरात असतात असं नाही.

शिकार गेली तिच्याबरोबर अजून एक गोष्ट जाते आहे आणि तिची मला खरी हळहळ आहे. नाना आता सत्तरी ओलांडलेले, माळावर त्यांच्याबरोबर चाललं की ते बोलत बोलत दाखवतात, हा लेंड्यांचा ढीग बघ, एकाच जागी आहे, म्हणजे इथे एका नराची हद्द, तो इथेच परत परत येणार. कळपात आधी सावध होणार ती म्हातारी मादी, नराला माज असतो त्याचं लक्ष नसतं. गवतात पाडस एकटं पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आई त्याला मुद्दाम लपवून गेलेली असते, ती लांबून बघत असते, आपण उचललं की ते अनाथ होतं, आधी नसतं. गावात दर पावसाळ्यात कुणीतरी असं पाडस दयेने घरी आणतं आणि ते दूध पाजून पाजून मरतं. ही सगळी माहिती नानांना गाडी हाकताना मिळाली, मारण्यासाठी मिळाली, पण आज ती फक्त वाचवायला उपयोगी पडते.

एका उन्हाळ्यात आमच्याच विहिरीत हरीण पडलं. कठडा नाही, अंधारात कुत्री मागे लागली असतील, पडलं ते सरळ खाली, नशीब पाणी होतं. वरती सगळं गाव गोळा, मोबाईल काढून, आरडाओरडा. वनरक्षक आला, दोर आले, पोरं उतरायला तयार, आणि नानांनी आधी काय केलं तर सगळ्यांना मागे हाकललं आणि गप्प बसवलं. ते म्हणाले, हे बुडून मरणार नाही, पण घाबरून मरंल. बाज चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली, दोघं उतरले, पहिलं काम डोळ्यांवर टॉवेल बांधायचं, मग पाय, मग बाजेवर घेऊन वर. डोळे झाकले तसं ते एकदम निवलं. नानांनी त्याला बघ्यांपासून लांब, माळाच्या बाजूला नेऊन आधी पाय सोडले आणि शेवटी टॉवेल. ते उठलं, दोनदा अडखळलं, आणि गेलं. वनरक्षक तरुण होता, त्याने नानांना विचारलं बाबा तुम्हाला हे कसं माहीत, आणि नानांनी त्याला बैलगाडीपासून सगळं सांगितलं, काही न लपवता. तो पोरगा वहीत लिहून घेत होता. असं लिहून घेणारे अजून हवेत, आणि नुसतं आमच्या नानांकडून नाही, पालावरच्या म्हाताऱ्यांकडून आधी, त्यांना याच्या दसपट माहीत आहे.

कुत्र्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, आज आमच्या माळावर हरणाचा सगळ्यात मोठा वैरी बंदूकवाला नाही. मोकाट कुत्री आहेत, उघड्या विहिरी आहेत, रस्ते आहेत आणि माळ संपणं आहे. लांडगा कमी झाला, तो कळप पांगता ठेवायचा, एका शेतात ठाण मांडून बसू देत नसे, त्याची जागा कुत्र्यांनी घेतली आणि कुत्री तर पाडसंच गाठतात. आणि माळ म्हणजे पडीक, ही समजूत सरकारी कागदात आहे आणि आपल्या डोक्यातही. पडीक आहे म्हणून झाडं लावा, पडीक आहे म्हणून कारखाना टाका. गवताच्या जागी झाडी वाढली की काळवीट तिथे थांबत नाही, त्याला लांबवर दिसलं पाहिजे, त्याची सगळी भिस्त नजरेवर आणि पायांवर आहे. मग ते उठतं आणि हरभऱ्यात येतं, आणि आपण म्हणतो हरणं वाढली. वाढली का जागा कमी झाली हे कुणी मोजायचं?

आमच्या वरच्या माळाचा प्रश्न सध्या घरात चालू आहे. सोलरवाले आलेत, भाडेपट्ट्याने मागतायत, दर एकरी ठरावीक रक्कम, काही पिकत नाही त्या मुरमाचे पैसे मिळणार म्हटल्यावर भावाला मोह होणं साहजिक आहे आणि मी त्याला दोष देत नाही, त्याची मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार, माझा पगार पुण्यात येतो, त्याचा इथेच उगवतो. माळाचा माझा हिस्सा मी देणार नाही असं मी त्याला सांगितलंय. त्यावर तो म्हणाला, ठीक आहे, तू हरणांना माळ दे, मग माझ्या हरभऱ्याचे शेंडे तू भरून दे. मला ते रास्त वाटलं. या रब्बीपासून त्याच्या खालच्या तुकड्याला सोलर कुंपण घालायचं ठरलंय, अनुदानाचा अर्ज केलाय, उरलेले पैसे मी घालणार, आणि विहिरीला कठडा बांधायला गवंडी सांगितलाय. माळाच्या सहीचं भाऊ दिवाळीनंतर बघू म्हणाला. नानांना विचारलं तर ते म्हणाले कुंपण घाला पण माळाकडून पाण्याला यायची एक वाट मोकळी ठेवा, तिथली दोन सऱ्या ज्वारी गेली तर जाऊ द्या. ती वाट कुठून ठेवायची ते त्यांनी चुन्याने आखून दिलंय.